मदत हवी आहे: जुनी डीप-व्ही बोट घ्यावी की निवृत्त पायलट लाँच?

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. नोकरी सगळी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे इंजिनाचं मी बघून घेईन. लहान बोटीच्या हलबद्दल, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या अंगाबद्दल आणि तळाबद्दल, मात्र जाणकारांचा सल्ला हवा आहे. जयगडला मेहुणा असतो, मासेमारीतला, किनारा त्याला पाठ आहे. दोघांनी मिळून एक जुनी पण भक्कम बोट घ्यायची ठरवली आहे. धंदा करायचा नाही. ऑक्टोबर ते मे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, उत्तरेला हर्णै-बाणकोट, दक्षिणेला विजयदुर्ग-देवगड, आणि रात्री खाडीत नांगर टाकून बोटीतच मुक्काम. माणसं चार.

ज्यांनी कोकणचा समुद्र फक्त सकाळी पाहिला आहे त्यांना खवळलेलं पाणी म्हटलं की पावसाळाच आठवतो. पण फेब्रुवारीनंतर सकाळचे मतलई वारे पडले की दुपारी वायव्येचा वारा उठतो आणि तासाभरात आखूड, उभ्या लाटा तयार होतात. लाट फार उंच नसते, पण एकीवरून उतरेपर्यंत दुसरी नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आदळते. जयगडहून हर्णैला जाताना हे सगळं तोंडावर घ्यावं लागतं. शिवाय खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत. उधाणाच्या दिवसांत ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून वारा असला, तर तिथे लाटा अक्षरशः फुटतात. मेहुणा अशा वेळी बाहेरच थांबून राहतो, आत शिरायची घाई करत नाही. आमची बोट हे सोसणारी हवी.

दोन बोटी नजरेत आहेत.

पहिली मुंबईच्या एका यार्डात उभी आहे. ३१ फुटी, फायबरची, सत्तरच्या दशकातली, बर्ट्राम ३१ या गाजलेल्या अमेरिकी मोटरबोटीच्या धर्तीची. अमेरिकी बोट-आरेखक रे हंट यांच्या डीप-व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाच्या) हलचा इतिहास मला भुरळ घालतो, हे मोकळेपणाने सांगतो. १९६० च्या मायामी-नासाऊ मोटरबोट शर्यतीत त्यांनी आखलेली ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात साधारण ८ तासांत पोहोचली आणि बाकीच्या बऱ्याच बोटी दुसऱ्या दिवशी आल्या. त्याच बोटीवरून पुढे फायबरची बर्ट्राम ३१ निघाली. तळाचा व्ही पार मागच्या टोकापर्यंत २० अंशांहून जास्त खोल ठेवला की बोट लाटेवर आपटत नाही, लाट कापते. यार्डातल्या या बोटीचा तळ मी हाताने चाचपून पाहिला. नाळेपासून ट्रान्समपर्यंत (मागच्या उभ्या भिंतीपर्यंत) एकसारखा उतरता, बाजूने लांबच लांब पट्ट्या, कुठेही सपाटी नाही. जुन्या माणसांनी किती विचाराने आखलंय ते हाताला कळतं. अडचण एकच, दोन पेट्रोल व्ही-८ इंजिनं.

दुसरी ३४ फुटी पायलट लाँच, म्हणजे मोठ्या जहाजांपर्यंत वाटाड्या पायलटला ने-आण करणारी बोट, बंदरातून निवृत्त झालेली. गोल तळ, खाली लांब कील (तळाच्या मधोमध धावणारा कणा), एकच डिझेल, वेग १२ ते १४ नॉट. दिसायला अगदी साधी. किंमत दोन्हीची जवळपास सारखी आहे.

जाणकारांना विचारायचं आहे ते असं. डीप-व्हीचा फायदा वेगात असतानाच मिळतो, की १२ नॉटलाही ती समोरच्या लाटेत लाँचपेक्षा सुखाची? नांगरावर कोणती जास्त डोलते? पेट्रोल काढून डिझेल बसवलं तर वजन वाढून बोटीचा तोल बिघडतो का? आणि पन्नास वर्षांचं फायबर तपासायचं कसं?

आगाऊ आभार.

प्रतिसाद:

काका, मी रत्नागिरीत फायबर बोटींच्या दुरुस्तीचं काम करतो. आधी पेट्रोलचं सांगतो, कारण ते जिवाशी आहे. त्या काळच्या बऱ्याच बोटींत पेट्रोलच्या टाक्याही फायबरच्याच असत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमच्या सांगलीच्या उसाला त्यातून चांगला भाव येवो, पण फायबर घट्ट धरून ठेवणाऱ्या जुन्या पॉलिस्टर रेझिनला इथेनॉल पोखरतं. रेझिन विरघळून कार्ब्युरेटरमध्ये आणि व्हॉल्व्हवर काळा चिकट थर बसतो, टाकी आतून मऊ पडते. बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या आतल्या पोकळीत) पेट्रोलची वाफ साठली तर एक ठिणगी पुरे. टाकी कशाची आहे ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

हलबद्दल तुमची शंका बरोबर आहे. ३१ फुटी डीप-व्ही १२ नॉटला धड पाण्यात बसून चालत नाही आणि धड पाण्यावर उचलून उडतही नाही. नाळ वर, शेपूट खाली, समोरचं दिसत नाही आणि इंधन ढोसते. तिला १६-१८ च्या पुढेच ठेवावं लागतं. नांगरावर दोन्ही डोलतात. डीप-व्हीचं डोलणं झटक्याचं असतं, लाँचचं संथ.

आता अंतर बघा. जयगड ते हर्णै ३० सागरी मैलांहून थोडं जास्त. सकाळी सहाला निघालात तर १२ नॉटने नऊच्या आत पोहोचता, वारा उठायच्या आधी. देवगडहून परतीचे ५५ च्या आसपास मैलसुद्धा पहाटे निघून साडेदहा-अकराला संपतात. दक्षिणेकडे जाताना वारा पाठीमागून. मग २० नॉट हवेत कशाला?

फायबर तपासताना छोटा प्लास्टिकचा हातोडा घेऊन तळावर, स्ट्रिंगरवर (तळाच्या आतल्या लांब आधारपट्ट्यांवर), ट्रान्समवर ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आतलं प्लायवूड कुजलेलं. लाँचच्या बाबतीत वेगळं बघा. पायलट लाँच आयुष्यभर जहाजांच्या कुशीला घासत, आदळत असते. रबरी पट्ट्याच्या आतल्या बाजूला, डेक आणि हल जिथे जोडलेत तिथे टॉर्च मारून चिरा बघा. पंख्याचा शाफ्ट हाताने हलवून खेळ किती ते पाहा.

धागालेखक:

मनापासून आभार. सकाळच्या वाऱ्याचा आणि अंतरांचा हिशोब मेहुण्याला फोनवर वाचून दाखवला. तो म्हणाला, आम्ही तांडेल (मासेमारी बोटीचे नाखवा) लोक पहाटेच निघतो ते याचसाठी. डीप-व्हीवरचं मन इतक्यात निघणार नाही, पण चार माणसांचा जीव आणि हर्णैपर्यंतचा रस्ता पाहता लाँचच योग्य वाटते. एकच डिझेल असल्याने खाडीच्या तोंडाशी ते बंद पडलं तर काय, ही काळजी उरते. अशा लाँचवर मागे ब्रॅकेट लावून १५-२० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड राखीव ठेवलेलं कुणी पाहिलं आहे का? एवढ्या वजनाची बोट लाटेत निदान तोंडावर धरून ठेवण्याइतकी ताकद त्यात असते का?