सर्क्युलर सॉ (विजेवर चालणारी गोल पात्याची करवत) घेऊ की कटरवर भागेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, भांडुपला वन बीएचके, आणि वर्षभरापासून मला सुतारकामाची खाज सुटलीये. हातकरवतीने चपलांचा स्टँड केला पण गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) न लावता कापल्यामुळे तो असा तिरका झालाय की आई येताजाता मान वाकडी करून बघते त्याच्याकडे. आता पोराचं स्टडी टेबल करायचंय, १९ एमएमची ८ बाय ४ ची माइका लावलेली प्लाय, ती हाताने कापत बसलो तर पोरगं दहावी होईल.

शनिवारी नागदेवीला, म्हणजे मुंबईतल्या हत्यारांच्या बाजारात, जाऊन आलो. दुकानदार म्हणे सात इंची सॉ कशाला, चार इंची मार्बल कटर (फरशी कापायचं मशीन) घ्या नि लाकडाचं ब्लेड लावा, सगळे कारपेंटर तेच करतात. करतात हे खरंय, आमच्या किचनवाल्यानेपण तेच केलेलं, प्लाय पायाखाली दाबून, गार्ड काढून!! मला तिथेच घाम फुटलेला. पण १९ एमएम त्यात आरामात कापलं जातं आणि पैसे पण कमी, म्हणून अडलोय.

दुसरं, सॉ १४०० वॉटचा बघितला, म्हणजे २३० व्होल्टने भागलं तर साध्या प्लगच्या ६ अँपियरच्या वर जातं, मग एसीच्याच पॉइंटवर लावावा लागेल ना? आणि ब्लेड ४० दातांचं की ६० चं? बाल्कनी नाही, कापणार गच्चीवर, तेपण सेक्रेटरी हो म्हणाले तर.

प्रतिसाद १: कटर नको दादा. त्याला खालून आपोआप झाकणारं गार्ड नसतं आणि स्पीड सॉच्या दुप्पट, ब्लेड अडकून मशीन मागे उसळली तर काय ते समजून घ्या. सॉच घ्या. माइकाला ६० दात. आणि चांगली बाजू खाली ठेवा, सॉचे दात खालून वर येतात त्यामुळे टवके वरच्या बाजूला उडतात. प्लायखाली जाड थर्मोकोल घाला, ब्लेड प्लायच्या ५-६ एमएमच खाली ठेवा, आणि ॲल्युमिनियमची पट्टी क्लॅम्प करून तिच्या कडेने चालवा. प्लग पॉवर पॉइंटलाच.

धागाकर्ता: चांगली बाजू खाली हे डोक्यातच नव्हतं, मी उलटंच करणार होतो! गच्चीची परवानगी मिळाली, पण दुपारी २ ते ४ आवाज नाही. आता गच्चीपर्यंत एक्स्टेंशन कुठून ओढू ते सांगा, लिफ्टरूममधला पॉइंट चालेल का?