१/२५ ची '३२ फोर्ड कूप: टप तीन इंच उतरवताना काप कुठे घ्यावा, फट कशी भरावी?

तीनखिडकी

नमस्कार मंडळी. १/२५ स्केलच्या प्लॅस्टिक किटमधली १९३२ ची फोर्ड, तीन खिडक्यांची कूप, बांधायला घेतली आहे. बेत असा: टप तीन इंच चॉप (पिलरमधून पट्टी कापून छत खाली आणणं), बॉडी तीन इंच चॅनल (चॅसीवर तेवढी खाली बसवणं), मडगार्ड आणि बॉनेट नाही, स्मॉल ब्लॉक शेव्हरोले व्ही-८, आणि वरून कँडी लाल (चंदेरी थरावर पारदर्शक लाल). बॉडी अजून अखंड आहे. करवत लावायच्या आधी काही गोष्टी पक्क्या करायच्या आहेत.

बाजूचा फोटो मोठा करून, कागदावर टप कापून खाली सरकवून पाहिला. पुढचे पिलर (टप पेलणारे खांब) जुळवले की मागे फट पडते, मागचं जुळवलं की पुढे. ही तफावत कशी भरून काढायची? काप पिलरच्या कुठल्या भागात घ्यायचा? आणि सांध्यावर कुठली पुट्टी लावली म्हणजे रंगानंतर काही आठवड्यांनी तिची रेघ वर येणार नाही? चॅनलचा बाकीच्या भागांवर काय परिणाम होतो तेही सांगा.

---

रेझरसॉ

कागदावर करून पाहिलंत हे उत्तम केलंत. तफावत तुमच्या मापात नाही, ती गाडीच्या आकारातच आहे. टप वर निमुळता होत जातो, त्यामुळे मधली पट्टी काढली की वरचा भाग खालच्यापेक्षा आखूडही पडतो आणि अरुंदही. किती, ते काढता येतं. पिलर उभ्या रेषेपासून १० अंश कललेला असेल तर ३ मिमी पट्टी काढल्यावर तो सुमारे ०.५ मिमी सरकतो, २० अंश असेल तर १.१ मिमी. पुढे १० आणि मागे २० धरले तर लांबीत एकूण १.६ मिमी कमी पडणार. तुमच्या बॉडीचे अंश कोनमापकाने त्या फोटोवरच मोजा. बाजूंचा आतला कल बहुधा कमी असतो. ५ अंशाला प्रत्येक बाजूला पाव मिमी येतो. तेवढं आतून पट्टी लावून दाबलं की सामावतं.

माप सोपं आहे. या स्केलला खरा एक इंच म्हणजे १.०१६ मिमी, तेव्हा तीन इंच म्हणजे ३ मिमी धरा. पण दोन्ही रेघा काढून करवत मात्र काढून टाकायच्या पट्टीच्या आत चालवा, रेघेपर्यंत कानशीने या. पात्याची जाडीच ०.२ मिमीच्या आसपास असते. रेघेवरून कापलंत तर दोन कापांत ०.४ इंचापर्यंत आणखी जातो आणि काचेची खाच भेगेसारखी दिसायला लागते.

रेघा हाताने काढू नका, टेपच्या भरवशावरही नको. वळणावर टेप हमखास वर चढते. बॉडी काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि खाली प्लॅस्टिसिन लावून खिडक्यांखालची कडा चारही बाजूंनी एकाच उंचीवर आणा. हवा तेवढा उंच लाकडी ठोकळा घ्या, त्यावर पेन्सिल आडवी चिकटवा आणि ठोकळा बॉडीभोवती फिरवा. दुसऱ्या रेघेसाठी ठोकळ्याखाली १ मिमी प्लॅस्टिक शीटचे तीन तुकडे ठेवा. दोन्ही रेघा समांतर येतात, मागच्या गोल कोपऱ्यातसुद्धा.

काप कुठे? पिलर जिथे सर्वांत सरळ आणि एकसारख्या रुंदीचा आहे तिथे. वरच्या किंवा खालच्या गोलाईत शिरलात तर दोन तोंडं कधीच जुळणार नाहीत. कापण्याआधी आतून दोन्ही दारांच्या कडांना जोडणारा २ मिमीचा आडवा रॉड चिकटवा, नाहीतर टप सुटताच बाजू आत येतात. आधी पुढचे पिलर, मग दारामागचे, शेवटी मागची रुंद बाजू. उलट क्रमाने गेलात तर सगळा पीळ बारीक पिलरवर येतो आणि ते तुटतात.

जोडताना पुढचे पिलर आधी जुळवा, कारण विंडस्क्रीनवर नजर लगेच जाते. उरलेली सगळी तफावत मागे येऊ द्या. ती अर्ध्या मिमीच्या आत असेल तर मागची भिंत किंचित पुढे झुकवून भागतं. त्याहून जास्त असेल तर टप मधोमध आडवा कापा आणि लागेल तेवढ्या जाडीची प्लॅस्टिक पट्टी घाला. टपाचा मधला भाग जवळजवळ सपाट असल्याने तिथला सांधा घासायला सर्वांत सोपा जातो. मागच्या कोपऱ्यातली दीड मिमीची फट पुट्टीने भरण्यापेक्षा हे काम कितीतरी सरळ आहे.

पिलरमध्ये ०.५ मिमीचं भोक पाडून ०.४ मिमी पितळी तारेची खीळ घाला. रुंद सांध्यांना आतून ०.५ मिमी जाड, ३-४ मिमी रुंद पट्टी. आधी चारही पिलरना सायनोचा (सुपरग्लूचा) एकेक ठिपका. मग बॉडी काचेवर ठेवून समोरून आणि मागून पाहा. वाकडं असेल तर ठिपके या टप्प्यावर सुटतात. सरळ असेल तर पातळ सॉल्व्हंट सिमेंट ब्रशने सांध्यात सोडा.

---

कँडीकोट

रेघ वर येण्याबद्दल. याची तीन वेगवेगळी कारणं असतात आणि लोक सगळा दोष पुट्टीला देतात.

पहिलं, ट्यूबमधली एकघटकी पुट्टी सॉल्व्हंट उडून सुकते. वरून कडक लागली तरी आत ओली असते आणि आठवडे आक्रसत राहते. ती फक्त ओरखडे आणि टाचणीएवढ्या भोकांसाठी वापरा. सांध्याला दोन घटकांची पॉलिएस्टर पुट्टी घ्या. ती रासायनिक क्रियेने घट्ट होते आणि फारच कमी आक्रसते. हार्डनर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच घाला, कारण जास्त घातला तर वरच्या रंगावर डाग येऊ शकतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, पण त्याकडे दुर्लक्ष होतं. सॉल्व्हंट सिमेंटने प्लॅस्टिक विरघळून सांधतं, आणि ते सॉल्व्हंट पूर्ण बाहेर पडेपर्यंत सांधा फुगलेला असतो. फुगलेला असतानाच घासून सपाट केलात तर नंतर तो खाली बसणार आणि चर दिसणारच, पुट्टी कितीही चांगली असो. सांधल्यावर निदान एक आठवडा बॉडी बाजूला ठेवा.

तिसरं, कडकपणातला फरक. सायनो एका दिवसाने प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो. मग वॉटर पेपर प्लॅस्टिक खातो आणि सायनोचा उंचवटा राहतो. सायनो भरण म्हणून वापरत असाल तर तासाभरात घासून मोकळे व्हा. आणि बोटाने घासू नका, पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळा.

माझा क्रम: ४०० च्या वॉटर पेपरने आकार, ६०० ने ओरखडे, मग लॅकर प्रायमरचे दोन पातळ हात. वर बोटाने ग्रॅफाइटची भुकटी चोळून ६०० पाण्यात घासा. जिथे काळं राहील तिथे खड्डा, जिथे प्रायमर जाऊन प्लॅस्टिक उघडं पडेल तिथे उंचवटा. भुकटी पूर्ण धुऊन पुन्हा प्रायमर. कँडीखाली शेवटचा प्रायमर १५०० पर्यंत न्या. चंदेरी बेसचे कण ओरखड्यात बसतात आणि वरचा पारदर्शक रंग ते लपवत नाही, उलट ठळक करतो.

कँडीत प्रत्येक हाताने रंग गडद होतो. म्हणून बॉडी, ग्रिलची चौकट आणि त्याच रंगाचे बाकी सुटे भाग एकाच बैठकीत, सारख्याच हातांनी मारा; ग्रिल पुढच्या आठवड्यात मारली तर दोन लाल दिसतील. कडांवर रंग कमी बसतो, तिथे आधी एक धुकट हात द्या. कँडी स्वतः कधीच घासायची नाही. वर क्लिअरचे (बिनरंगी पारदर्शक लॅकरचे) तीन-चार हात चढवून फक्त क्लिअर घासा. हवा दमट असेल त्या दिवशी लॅकर मारूच नका, दुधाळ होतो. आणि किटचं प्लॅस्टिक लाल असेल तर बेसखाली आणखी एक चंदेरी हात द्या, कारण लाल रंगद्रव्य वर झिरपतं.

---

चॅसीवाला

वरच्या दोघांशी सहमत, पण चॅनलचा पुन्हा विचार करा असं कळकळीने सांगतो. '३२ च्या चॅसीच्या बाजूची पट्टी, तिच्यावरच्या दाबलेल्या रेघेसकट, उघडी दिसावी अशीच बनली आहे. मॉडेल ए (फोर्डचीच त्याआधीची गाडी) बांधणारे लोकही '३२ ची चॅसी शोधतात ती याचसाठी. बॉडी ३ मिमी खाली आणलीत की नेमकी तीच झाकली जाते.

शिवाय हिशेब बघा. टप ३ मिमीने उतरला, आणि चॅनलमध्ये फरशी बॉडीच्या आत ३ मिमी वर आली. म्हणजे फरशीपासून टपापर्यंतची जागा ६ मिमीने घटली. सीटचा तळ घासावा लागेल, पाठ कापावी लागेल, दारांच्या आतल्या पट्ट्या खालून ३ मिमी कमी कराव्या लागतील आणि स्टिअरिंगचा कोन सपाट करावा लागेल. ग्रिलची चौकट चॅसीवर बसते, पण तिच्या मागची बॉडी खाली गेलेली असते. त्यामुळे चौकटही ३ मिमीने बुटकी करायची, आतली जाळी आणि रेडिएटरसुद्धा. काप चौकटीच्या बाजू समांतर असतील तिथे घ्या. मागे पेट्रोलची टाकी आणि बॉडीची खालची कडा एकमेकांना भिडते का, तेही बघा.

स्मॉल ब्लॉकचा डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) लागून असतो. इंजिन, फायरवॉल आणि बॉडी कोरडी बसवून पाहिल्याशिवाय त्यात वायर घालू नका. वायर ०.३ मिमीची, सिलिंडरांचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. गाडीत बसून पुढे बघितलं तर डावीकडे १, ३, ५, ७ येतात.

खालचा बांधा हवा असेल तर चॅसी झेड करा. मागच्या ॲक्सलच्या पुढे दोन्ही पट्ट्या कापून मागचा भाग ३ मिमी वर चढवायचा, मध्ये १.५ मिमी शीटचे गाल आतून लावायचे. पुढे चार इंची ड्रॉप ॲक्सल (गाडी तेवढी खाली आणणारा वाकवलेला ॲक्सल), म्हणजे ४ मिमी. टायर पुढे २५ आणि मागे ३० इंच व्यासाचे धरले तर त्रिज्येतला फरक अडीच इंच. तो मागच्या ३ मिमीच्या झेडने जवळजवळ फिटतो, आणि पुढच्या ॲक्सलमुळे नाक खाली झुकलेलंच राहतं. व्हीलबेस खऱ्या गाडीचा १०६ इंच, मॉडेलवर १०७.७ मिमी. झेड करताना तो हलू देऊ नका. मागच्या फरशीत डिफरन्शियलसाठी उंचवटा मात्र करावा लागेल.

---

तीनखिडकी

चॅनल रद्द, झेड करतो. फोटोवर कोन मोजले: पुढे ८ अंश, मागे १७. म्हणजे ०.४ आणि ०.९, एकूण १.३ मिमी. टप मधोमध कापून १.३ मिमी घालतो. आता दोन शंका. मागची खिडकीही ३ मिमीने बुटकी करायची का? आणि किटच्या काचा वापरता येतील का?

---

रेझरसॉ

मागची खिडकी अख्खी ठेवा. तिथे पट्टी खिडकीच्या खालून काढा, बाजूला आल्यावर काप पायरीसारखा वर नेऊन पिलरच्या कापाला मिळवा. खिडकीतून कापलंत तर तिचे गोल कोपरे नव्याने घडवावे लागतात आणि डावा-उजवा सारखा येणं फार कठीण. फक्त खिडकीखाली ३ मिमीपेक्षा जास्त जागा आहे ना, ते आधी मोजा. खालची उठावाची रेघ कापात जाता कामा नये.

तुमचा १.३ मिमीचा आकडा बरोबर आहे, पण पट्टी १.५ मिमीची घाला. टपाच्या कापात करवत ०.२ मिमी खाणारच आहे.

किटच्या काचा एकसंध साच्यातल्या असतील तर त्यांचा उपयोग फक्त मागच्या खिडकीपुरता. तेवढा तुकडा कापून घ्या. बाकीच्या ०.२५ मिमी पारदर्शक शीटमधून कापा. रंगाच्या आधी बॉडीत कागदाचे साचे बसवून आकार पक्का करा, आणि साच्यांवर डावा-उजवा लिहून ठेवा. काचा बसवायच्या मात्र सगळ्यात शेवटी, क्लिअरला पॉलिश झाल्यावर. काचेला सायनो अजिबात नको, त्याच्या वाफेने ती पांढुरकी होते. पांढरा पीव्हीए गोंद टूथपिकच्या टोकाने कडेला लावा. बाहेर आलेला गोंद ओल्या कापसाने पुसता येतो.