मुंबईत चार दिवस: लग्नाचं कापड, समुद्र आणि रात्रीचं फिरणं, कुठला दिवस कशाला ठेवावा?

वऱ्हाडची_सून

नमस्कार मंडळी. १७ ते २० डिसेंबर, म्हणजे गुरुवार ते रविवार, अकोल्याहून मुंबईला येतोय. गुरुवारी सकाळी सीएसएमटीला उतरणार आणि रविवारी रात्रीची परतीची गाडी तिथूनच. सहा जण आहोत: मी, नवरा, नणंद, दीर आणि दिराचे दोन मित्र. नणंद २६ वर्षांची, दीर आणि मित्र २३ चे.

नणंदेचं लग्न फेब्रुवारीत आहे. साड्या, ड्रेसचं कापड, मुलांच्या शर्टांचं कापड आणि आहेराच्या ब्लाऊजपिसांची खरेदी इथेच उरकायची आहे. मुलांना एक रात्र तरी बाहेर काढायची आहे, आणि सगळ्यांनाच समुद्र हवा, नुसता लांबून बघायचा नाही.

प्रश्न तीन. राहायला दादर बरं की फोर्ट? कुठल्या दिवशी काय ठेवावं? आणि रात्री उशीर झाला तर परत कसं यायचं? ठिकाणांच्या याद्या खूप वाचल्या, पण त्यातून दिवसांचा मेळ बसत नाहीये.

फोर्टकर

यादी बाजूला ठेवा. कुठला बाजार कधी बंद, भरती किती वाजता आणि शेवटची लोकल कधी, या तीन गोष्टी मांडल्या की तुमचे चार दिवस आपोआप बसतात.

फोर्टात किंवा सीएसएमटीजवळ राहा. कापडबाजार, गेटवे आणि कुलाबा, तिन्ही तिथून चालत किंवा टॅक्सीच्या थोड्या भाड्यात होतात. दादरला खोल्या थोड्या स्वस्त पडतील, पण रोजचा प्रवास वाढेल.

मंगळदास मार्केट रविवारी बंद. मूळजी जेठा मार्केट आणि भुलेश्वर-काळबादेवीतली बहुतेक दुकानंही बंदच असतात. दादर सोमवारी बंद, रविवारी उघडं. म्हणून कापड गुरुवारी आणि साड्या रविवारी दादरला. शनिवारवर काही ढकलू नका, लग्नसराईत शनिवारी मंगळदासच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

मंगळदास मार्केट फुले मंडईच्या (क्रॉफर्ड मार्केट) समोरच्या बाजूला, छताखाली आहे. अकराच्या आत जाऊ नका, दुकानं तेव्हा कुठे उघडत असतात. साडेअकरा ते दोन ही वेळ उत्तम. आत शिरण्याआधी दुकानदाराला एकच विचारा, "किरकोळ देता का?" काही जण फक्त अख्खा तागा किंवा ठरावीक नग देतात. तिथे घासाघीस करण्यात वेळ जातो.

मीटर ठरवण्याआधी पनहा (कापडाची रुंदी) विचारा. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पनह्याचं कापड सव्वादोन ते अडीच मीटर लागतं, पण ५८ इंच पनहा असेल तर १.६ मीटरमध्ये भागतं. साध्या लांब कुर्त्याला ४४ इंच पनह्याचं अडीच मीटर धरा. ब्लाऊजपीस ८० सेंटिमीटरचं पुरतं, पण आहेरात कोणाची काय अंगलट असेल सांगता येत नाही, म्हणून एक मीटरच कापून घ्या. सुती कापड आटतं. शिवण्याआधी भिजवायचं असेल तर मीटरमागे पाच-सात सेंटिमीटर जास्त घ्या.

रंगासाठी कापड दुकानाच्या दाराशी आणून बघा. आतल्या पांढऱ्या दिव्यात मरून आणि राणी यांतला फरक कळत नाही, आणि दोन वेगळ्या तुकड्यांतून एकाच साडीला जुळणारं कापड घेतलं की घरी गेल्यावर छटा वेगळ्या निघतात. अजरख किंवा गडद इंडिगो घेताना रुमालाचं टोक ओलं करून कापडावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला थोडा रंग लागणारच, पण गडद निळा डाग उमटला तर ते कापड पांढऱ्याबरोबर कधीच धुता येणार नाही. "प्युअर सिल्क" सांगितलं तर काठाचे दोन धागे मागून दाराबाहेर जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. धागा वितळून कडक मणी झाला तर ते पॉलिस्टर. चांगला दुकानदार धागे द्यायला नाही म्हणत नाही.

कापलेलं कापड परत घेत नाहीत, म्हणून मापाचा कागद घरूनच करून आणा, माणसागणिक एक ओळ. लेस, गोटा, लटकन, काठ हे सगळं भुलेश्वरला. तिथे जायला आता मेट्रो ३ चं काळबादेवी स्थानक आहे, पण मंगळदासहून चालतही दहा-पंधरा मिनिटांत पोचता.

दर्याकाठी

समुद्राचं मी सांगतो. तुमच्याकडे कालनिर्णय असेलच. पूर्ण भरतीची वेळ काढायला कोकणातला हिशोब वापरा: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसात दोन भरत्या, म्हणून तीच वेळ सकाळी आणि संध्याकाळी, आणि दोन्हींच्या मधोमध, सुमारे सहा तासांनी, ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतं. बोट किंवा किल्ला असेल तर त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघाच.

२० डिसेंबरला एकादशी आहे. म्हणजे गुरुवारी अष्टमी, पूर्ण भरती संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि मुंबईत सूर्यास्तही त्या दिवसांत सहाच्या सुमाराला. याहून चांगली संध्याकाळ मरीन ड्राइव्हला मिळणार नाही. खरेदीच्या पिशव्या खोलीवर टाका आणि साडेपाचला कठड्यावर बसा. पाणी पायाखालच्या दगडांपर्यंत आलेलं असेल. पौर्णिमेच्या आसपास हीच वेळ ओहोटीची असते, मग चिखल आणि कचराच दिसतो आणि माणसं म्हणतात मुंबईचा समुद्र घाण आहे.

शुक्रवार अलिबागला द्या. शनिवार-रविवारी गेटवेला बोटीच्या रांगा दुप्पट होतात. गेटवेहून मांडव्याला साधारण तासभर लागतो. तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते, तीही पाऊण-एक तास. सकाळी आठच्या आत बोटीत बसा. तिकीट काढतानाच परतीची शेवटची बोट किती वाजता ते विचारा. ती संध्याकाळीच सुटते. चुकली तर पेण-पनवेलमार्गे रस्त्याने यायचं, त्यात तीन तास कमीत कमी जातात.

शुक्रवारी नवमी, म्हणजे ओहोटी दुपारी पाऊण-एकला. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याची वेळ तीच. पण एक लक्षात ठेवा. अष्टमी-नवमीला भांगाची भरती-ओहोटी असते. भरती फार चढत नाही, तसं पाणी पूर्ण उतरतही नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला वाट कोरडी पडते, तशी या दिवशी पडेलच असं नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर घोडागाडीने जा, आणि भरतीचं पाणी चढायला लागण्याआधी परत काठावर या. स्थानिक गाडीवाले वेळ सांगतात ती अंतिम समजा.

अंघोळीला अलिबागपेक्षा नागाव किंवा वरसोली बरं. जिथे बाकीचे लोक पाण्यात आहेत तिथेच उतरायचं आणि कंबरेपुढे जायचं नाही.

शेवटची_लोकल

रात्रीचं. आधी कायदा, कारण तुमच्याकडे २३ वर्षांची तीन मुलं आहेत. महाराष्ट्रात बिअर आणि वाइन २१ पूर्ण झाल्यावर, व्हिस्की-रम-व्होडका २५ पूर्ण झाल्यावर. म्हणजे तुम्ही, नवरा आणि नणंद यांना अडचण नाही, पण तिघा मुलांना बिअर किंवा वाइनवरच थांबावं लागेल. काही जागा वाद नको म्हणून सरसकट २५ च्या खाली आत घेत नाहीत, तेव्हा टेबल राखून ठेवताना फोनवरच विचारा. मूळ ओळखपत्र किंवा डिजिलॉकर लागतं, गॅलरीतला आधारचा फोटो चालत नाही. पिण्यासाठी परवानाही लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांचा असतो आणि तो बारमध्येच मिळतो.

शनिवारची रात्र ठेवा. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात (कमला मिल, टोडी मिल, मथुरादास मिल) नाचायच्या जागा जास्त. वांद्रे-खारला छोट्या, गप्पा मारायच्या जागा. कुलाब्यात जुने कॅफे: लिओपोल्ड १८७१ पासून आहे, मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. तुम्ही फोर्टात राहणार असाल तर माझं मत स्पष्ट कुलाबा, कारण परत चालत येता येतं.

नाचायच्या जागी तीन गोष्टींवरून दारातच अडवतात. एक, नुसत्या पुरुषांचा गट. तुमचे तिघे वेगळे पुढे गेले तर अडकतील, सहाही जण एकत्र जा. दोन, पुरुषांच्या पायात चप्पल किंवा सँडल. तीन, कव्हर चार्ज, म्हणजे आत जायचे पैसे. माणशी किती, आणि त्यातले किती खाण्यापिण्यात वळते होतात, हे पैसे देण्याआधी विचारा. बिलात दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. खाण्यावर जीएसटी. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतं, आणि तसं शांतपणे सांगितलं तर काढतात.

बार दीडला बंद होतात, शेवटची ऑर्डर त्याआधी. चर्चगेटहून उत्तरेला जाणारी शेवटची लोकल साधारण एकला असते, मध्य रेल्वेवर शेवटच्या गाड्या त्याहून लवकर संपतात. तुम्हाला लागणार ती उलटी, चर्चगेटकडे येणारी, तिची वेळ आधी बघून ठेवा. मेट्रो ३ तर साडेदहाच्या आसपासच आटोपते. म्हणून लोअर परळला गेलात तर दोनच पर्याय: साडेबाराला उठायचं, किंवा दीडला टॅक्सी. सहा जणांना एक टॅक्सी पुरत नाही, दोन धरा आणि दोन्हींत एक-एक बाई असू द्या. काळीपिवळीचं किमान भाडं ३१ रुपये, रात्री बारा ते पाच सव्वापट. मीटर टाकायलाच सांगा. वांद्र्याच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, रात्री शोधत बसू नका.

रात्रीचा बेत म्हणजे बारच असं नाही. शनिवारी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती बघा. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत नाट्यमंदिर, पार्ल्याचं दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह. अकोल्याला जे नाटक दौऱ्यावर वर्षाने येईल ते इथे शनिवार-रविवारी लागलेलं असतं.

वऱ्हाडची_सून

खूप आभार सगळ्यांचे. तिथीचा हिशोब सासऱ्यांना दाखवला, त्यांनी लगेच चारही दिवसांच्या वेळा काढल्या. दोन शंका. मुलं म्हणताहेत अक्सा बीच जवळ पडेल, अलिबाग कशाला? आणि जुहू अजिबात नाही का?

दर्याकाठी

अक्सा फोर्टातून जवळ नाहीच. मालाडपर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा. आणि पाण्यात उतरायला ती मुंबईतली सगळ्यात धोक्याची जागा आहे. वाळूत खड्डे पडतात आणि जागा बदलतात. काल गुडघाभर होतं तिथे आज डोक्यावर पाणी असू शकतं, आणि ओहोटी लागली की पाणी पायाखालची वाळू घेऊन बाहेर ओढतं. दरवर्षी तिथे पोहता येणारी तरुण मुलं बुडतात. काठावर फिरा, पाण्यात नाही. कुठल्याही किनाऱ्यावर ओढ जाणवली तर सरळ किनाऱ्याकडे झटायचं नाही, माणूस दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडायचं आणि मग वळायचं.

जुहू संध्याकाळी खाण्यासाठी: पावभाजी, काला खट्टा गोळा. विलेपार्ले किंवा सांताक्रूझला उतरून रिक्षा. पण पाण्यात जाऊ नका. शहराचे नाले जवळपास समुद्राला मिळतात. शनिवारी दुपारी वांद्र्याला हिल रोड-लिंकिंग रोडची खरेदी असेल तर त्याला जोडून घ्या. मात्र संध्याकाळी पाच ते आठ चर्चगेटकडून उत्तरेला जाणारी गाडी टाळा, चारच्या आत निघा.

फोर्टकर

शनिवारची सकाळ कुलाबा कॉजवेला. भाव सांगितल्यावर एक तृतीयांशपासून सुरुवात करा, आणि जे घ्यायचंच नाही त्याचा भाव विचारू नका. फॅशन स्ट्रीटला कपडे घालून बघायची सोय नसते. पँटची बटण लावलेली कंबर गळ्याभोवती गुंडाळा. मागे दोन्ही टोकं जेमतेम भेटली तर ती कमरेला बसते. शर्टासाठी नीट बसणारा एक शर्ट घरून आणा आणि खांद्याला खांदा लावून बघा.

रविवारचं एक राहिलं. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार, आणि त्यात लोकल रद्द होतात किंवा उशिरा धावतात. दादरला साड्या घ्यायला लोकलने न जाता सीएसएमटीहून मेट्रो ३ ने जा, तिला ब्लॉकचा त्रास नाही. खोली सोडताना सामान सीएसएमटीच्या क्लोकरूमला ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, आणि कापडाच्या गाठोड्याला कुलूप लागत नाही. घरून येताना एक रिकामी, चेनची, कुलूप लागणारी मोठी बॅग घडी करून आणा. गुरुवारचं सगळं कापड तिच्यातच भरा. परतीचं तिकीट हाताशी ठेवा, जमा करताना दाखवावं लागतं.