मदत हवी आहे: वहिनीची केमो चालू आहे आणि दोन लहान मुलं, घरचं कसं जमवायचं?

नमस्कार, माझी वहिनी ३४ वर्षांची आहे, भांडुपला राहतात ते. ब्रेस्ट कॅन्सर निघाला, उजव्या बाजूचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी पण काढल्या आणि आता केमो सुरू झालीय. आधी एसी (केमोच्या दोन औषधांची जोडी) च्या ४ सायकल म्हणजे फेऱ्या दर ३ आठवड्यांनी, मग पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध दर आठवड्याला असं १२ वेळा. ट्रीटमेंटबद्दल शंका नाही, डॉक्टर नीट समजावतात. प्रश्न मुलांचा आहे आणि तो नक्की कोणाला विचारायचा तेच कळत नाहीये.

पोरगी ५ वर्षांची, सिनियर केजीला. बाळ ११ महिन्यांचं, अंगावर पीत होतं ते केमोमुळे एकदम बंद करावं लागलं. आता रात्री उठलं की ते तिच्याकडेच झेपावतं आणि तिला त्या हाताने वजन उचलायला सध्या मनाई आहे, मग दादा त्याला घेऊन बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारतो आणि ही आत बसून त्याचं रडणं ऐकत राहते. मला म्हणाली, केमो सहन करेन गं, हे नाही सहन होत.

पोरीला अजून कोणी काही सांगितलेलं नाही पण तिला सगळं दिसतंय ना, परवा दादाला विचारत होती मी आईच्या अंगावर उडी मारलेली म्हणून आई आजारी पडली का. काय सांगायचं अशा वेळी? केस गळायच्या आधी सांगायचं का? त्यात भेटायला येणारे तिच्यासमोरच "मुलांचं आता कसं व्हायचं" म्हणतात, फार राग येतो.

आईचे गुडघे गेलेत, तिला बाळ आवरत नाही, मी नोकरीमुळे फक्त शनिवार-रविवार. आणि वहिनीला तिच्या वयाचं, लहान मुलं असलेलं कोणीतरी बोलायला हवंय. पाळी परत येईल का, हेही तिला विचारायचंय पण दादासमोर लाजते.

प्रतिसाद १
ताई, मी ३६ ची असताना यातून गेले, मुलगा तेव्हा ४ चा होता. मुलीला आजच सांगा, आणि कॅन्सर हाच शब्द वापरा, नाहीतर ती बाहेरून ऐकेल. तीन गोष्टी पुन्हापुन्हा सांगायच्या: तुझ्यामुळे झालं नाही, मिठी मारल्याने हा आजार लागत नाही, तुझा डबा आणि शाळा कोण बघणार ते ठरलंय. केसांचं आधीच सांगा, पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. शाळेत बाईंनाही सांगून ठेवा. बाळाला वहिनी पलंगावर टेकून बसल्यावर कोणीतरी मांडीत द्यायचं, उचलायचं नाही पण कुशीत घ्यायला काय हरकत आहे. हाताच्या व्यायामाचं फिजिओला विचारा. बोलायला व्ही केअर फाउंडेशनला फोन करा, तिथे स्वतः कॅन्सरमधून गेलेले व्हॉलंटियर असतात. पाळीचं डॉक्टरांना एकटीने भेटून लवकर विचारू दे, पुढे मूल हवं असेल तर त्यावरचे उपाय शक्यतो केमोच्या आधीच ठरवायचे असतात. लोकलने जात असाल तर अपंगांच्या डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, कागद जवळ ठेवा.

प्रतिसाद २
मी नर्स आहे म्हणून दोनच गोष्टी. ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका, रात्री २ वाजले असले तरी हॉस्पिटल गाठा, केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असताना इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. दुसरं, बाळाला पोलिओचे तोंडातले डोस द्यायच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना आईची केमो चालू आहे हे सांगा, तो व्हायरस बाळाच्या शी मधून काही आठवडे बाहेर पडतो. डायपर दुसऱ्या कोणीतरी बदलायचे.

धागाकर्ती
खूप खूप आभार. पोलिओचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच विचारते. पोरीशी दादा आणि वहिनी दोघं मिळून बोलतील म्हणालेत. भांडुप-मुलुंड बाजूला एवढं लहान बाळ फक्त केमोच्या दिवशी दिवसभर ठेवून घेणारं पाळणाघर किंवा खात्रीच्या मावशी कोणाला माहीत असतील तर प्लीज सांगा, पुढची सायकल सोमवारी आहे.