धडगावच्या पाड्यावर उपग्रह इंटरनेट परवडेल का?

प्रश्न (धडगाव तालुका)
नमस्कार मंडळी. मी सातपुड्यातील एका पाड्यावर आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. येथे मोबाइलला रेंज फक्त समोरच्या टेकडीवर मिळते आणि पावसाळ्यात तीही जाते. त्यामुळे जातीच्या दाखल्याचा साधा अर्ज भरायचा तरी लोकांना दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत धडगावला यावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट देणाऱ्या कंपनीसोबत इरादापत्र केले, त्यात नंदुरबार जिल्ह्याचे नाव आहे. महिन्याला साधारण किती खर्च येईल, आणि पैसे घालूनही कोणती कामे अडतील, हे कृपया सांगावे.

उत्तर (शहादा)
दादा, त्या इरादापत्रात गडचिरोली, धाराशिव आणि वाशीमही आहेत. मात्र त्याचा भर सरकारी संस्था, दुर्गम वस्त्या व सार्वजनिक सुविधा जोडण्यावर आहे, त्यामुळे आपल्या केंद्राला जोडणी आपोआप मिळेल असे गृहीत धरू नका. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीच्या संकेतस्थळावर दरमहा ८,६०० रुपये आणि उपकरणांचे ३४,००० रुपये असे दर दिसले होते, पण ती चुकून दिसलेली चाचणीची माहिती असल्याचा खुलासा कंपनीने केला, म्हणून त्यावर हिशेब बांधू नये. बांगलादेशात मे २०२५ मध्ये सेवा सुरू झाली तेव्हा उपकरणांना ४७,००० टका आणि स्वस्त योजनेला दरमहा ४,२०० टका पडत होते. त्या अंदाजाने आपल्याकडे दरमहा ३,००० रुपये धरले, तरी रोजचे १०० रुपये झाले. एकट्या केंद्राला हे जड आहे. शाळा, अंगणवाडी आणि आरोग्य उपकेंद्र यांनी मिळून घेतले तरच जमेल.

उत्तर (रावेर)
मी बँकांच्या शाखांतील व्हीसॅट, म्हणजे जुन्या पद्धतीच्या उपग्रह जोडण्या, बरीच वर्षे सांभाळले आहे. त्यांचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असल्याने प्रत्येक उत्तराला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्यामुळे ती अडचण बहुतांशी सुटते. परंतु ते सतत सरकत असतात, म्हणून डिशला आकाशाचा मोठा भाग मोकळा लागतो. एखादे झाड आड आले तरी जोडणी वारंवार तुटते. मुसळधार पावसात वेग घटतो किंवा सेवा काही वेळ थांबते. नेहमीची डिश ७५ ते १०० वॅट वीज घेते, म्हणजे चोवीस तासांत साधारण १.८ ते २.४ युनिट. आपल्याकडचे भारनियमन पाहता इन्व्हर्टर आणि चांगल्या बॅटरीचा खर्च पहिल्याच दिवशी जोडा.

उत्तर (अक्कलकुवा)
एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती म्हणजे ओटीपी. डिश लावल्याने मोबाइलला रेंज येत नाही, आणि ओटीपी तर लाभार्थ्याच्या मोबाइलवरच येतो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी आमच्याकडच्या बायाबापड्या याच एका कारणासाठी डोंगर चढल्या. वायफायवरून कॉल काही स्मार्टफोनवर चालतात, बटनांच्या फोनवर सहसा चालत नाहीत. म्हणून ज्या कामांना ओटीपीऐवजी यंत्रावर अंगठा लावलेला चालतो, त्यांची यादी आधी करा. तेवढीच कामे पाड्यावर नक्की होतील.

प्रश्नकर्ता (धडगाव तालुका)
सर्वांचे मनापासून आभार. केंद्रासमोर मोहाचे जुने झाड आहे आणि ते तोडण्याचा प्रश्नच येत नाही. शाळेचे छप्पर मात्र चारही बाजूंनी मोकळे आहे. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटतो आणि अंगठ्यावर होणाऱ्या कामांची यादी सोबत नेतो.