‘लाङ्गल’ उसना शब्द, म्हणून नांगरही उसना?

मृण्मयी: काल एकांनी लिहिलं की लाङ्गल हा नांगराचा संस्कृत शब्द मुंडा भाषांतून, म्हणजे संथाली-मुंडारीसारख्या आदिवासी भाषांतून आला, म्हणजे वैदिक लोकांना नांगर धरायलाही त्यांनीच शिकवलं. वाचून डोकंच उठलं. ऋग्वेदात ‘शुनं कृषतु लाङ्गलम्’ आहे, त्याच सूक्तात फाळ आहे, ऋग्वेदातच इतरत्र नांगराला ‘वृक’ असा दुसरा शब्दही आहे. शब्द घेतला असेल, त्यावरून शेती कशी काय उसनी?

पाठांतर_पक्कं: शब्दही उसना नाही. धातूंपासून शब्द कसे बनतात ते सांगणारं उणादिसूत्र आहे, ‘लङ्गेर्वृद्धिश्च’. लङ्ग् धातू, स्वराची वृद्धी, नपुंसकलिंग, ‘वन’सारखा चालतो. विषय संपला.

खोदकाम: संपला कसा? निरुक्तकार यास्क लग् धातू सांगतो, नाहीतर लाङ्गूलासारखा, म्हणजे शेपटीसारखा, म्हणून लाङ्गल. म्हणजे शब्द आधीपासून होता, धातू मागाहून चिकटवले. खनित्र बघा, खन् ला इत्र, खणायचं साधन, पाणिनीचं सरळ सूत्र आहे, कोणी भांडत नाही. आणि नांगराला मेघालयातल्या खासी भाषेत लिंकोर, मलयमध्ये तेंगाला, हे काय उणादि वाचून आले? ट्रॅक्टर शब्द आला तेव्हा ट्रॅक्टरही आलाच ना बाहेरून?

रानातला: धातू-बितू ठीक आहे हो, पण इथं रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, कोणी धरलंय? आमचा बाभळीचा नांगर होता, हळसाला, म्हणजे नांगराच्या लांब दांड्याला, जू बांधायची जागा आज्जा बोटभर मागंपुढं करायचा, तेवढ्यावर फाळ खोल जायचा नाहीतर नुसता वरवर खरडायचा. आता रोटाव्हेटर फिरतो आणि घरच्या पोरांना हळीस म्हणजे काय ते सांगावं लागतं, त्याचं कुणाला काही वाटतं का?

पाठांतर_पक्कं: हळीस म्हणजे हल अधिक ईषा. शुद्ध संस्कृत.

रानातला: शुद्ध काय शुद्ध? शब्द टिकवला तो सुतारानं आणि कुणब्यानं, त्यांना कधी पाठशाळेत बसू दिलं होतं का?

पाठांतर_पक्कं: जात मध्ये आणू नका.

रानातला: मी आणली नाही, ती होतीच. आज्ज्याला तुमच्या पाठशाळेच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं.

खोदकाम: बरोबर बोललात. आणि नांगरातला ‘न’सुद्धा संस्कृतातला नाही, पालीतच नङ्गल आहे. बोलणाऱ्यांनी बदलला, जसा ललाटाचा, म्हणजे कपाळाचा, निढळ केला.

मृण्मयी: बरं, शब्द बाहेरचा, मानलं एकदाचं. पण राजस्थानात कालीबंगाला उत्खननात नांगरलेलं शेत सापडलंय, इसवी सनापूर्वी २८०० च्या आसपासचं, आडव्या-उभ्या तासांचं. तो नांगर कोणत्या भाषेचा ते आधी सांगा, मग शिकवलं कोणी त्यावर बोलू.