टायर कशाने धुवावेत आणि वर काय लावावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. मी कासारवडवलीला राहते. गेल्या वर्षी सेकंडहँड हॅचबॅक घेतली, रोज ऐरोलीला ऑफिसला जाणं-येणं तिच्यातूनच. पाऊस ओसरलाय, दसरा तीन आठवड्यांवर आलाय आणि गाडी कितीही धुतली तरी टायर चॉकलेटीच दिसतात. चिखल म्हणावा तर तो पाण्याने जातो, हा रंग जात नाही. मेट्रोच्या कामाची सिमेंटसारखी धूळ आमच्याकडे कायमची आहेच, पण हे त्याहून वेगळं वाटतं.

मागच्या महिन्यात एका वॉशिंग सेंटरला गेले होते. त्यांनी शेवटी टायरला काहीतरी काळं, तेलकट फासलं. घरी येईपर्यंत एकदम नवे दिसत होते. दुसऱ्या दिवशी बघते तर चारही दारांच्या खालच्या भागावर काळे ठिपके, आणि गाडी पांढरी! ते पुसण्यात अख्खा रविवार गेला. आठवड्याभरात टायर परत चॉकलेटी, वर धूळ चिकटून बसलेली.

मला विचारायचंय ते असं: घरच्या घरी टायर नीट कसे धुवायचे? नंतर काय लावलं तर ते उडणार नाही आणि तीन-चार आठवडे टिकेल? आणि या लेपाने रबराला खरंच काही फायदा होतो का, की नुसतं दिसण्यापुरतं? सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, दोन बादल्या पाण्यात भागवावं लागतं. खर्च हजार रुपयांच्या आत बसवायचाय.

पारसिकचा_वारा

आमच्या बिल्डिंगमधला गाडी पुसणारा ग्लिसरीनमध्ये थोडं पाणी कालवून लावतो. स्वस्त पडतं, काळेपणाही येतो. एवढं महागाचं काही आणायची गरज नाही असं माझं मत.

रबर_आणि_मी

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यावर ठरतं. मी टीटीसी एमआयडीसीत (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली औद्योगिक वसाहत) रबराच्या कामात बावीस वर्षं काढली. टायर नाही, सील आणि होज बनवायचो, पण रबराचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

तो चॉकलेटी रंग बाहेरून आलेला नाही, टायरच्या पोटातून आलेला आहे. रबराचा मोठा शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. वाहनांचा धूर आणि कडक ऊन एकत्र आलं की जमिनीलगत तो तयार होतो. ओझोन ताणलेल्या रबराला बारीक भेगा पाडतो. म्हणून टायर बनवतानाच रबरात दोन गोष्टी मिसळतात. एक मेण, जे हळूहळू वर येऊन पातळ पापुद्रा धरतं. गाडी उभी असताना त्याचा उपयोग. पण चाक फिरताना साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सारखी दबते-फुगते आणि तो पापुद्रा तुटतो. तेव्हा दुसरं रसायन कामाला येतं, सिक्स-पीपीडी नावाचं. तेही आतून झिरपत वर येतं, रबराच्या आधी स्वतः ओझोनशी भिडतं आणि भिडल्यावर तपकिरी पडतं. तुम्हाला दिसतो तो रंग त्या खर्ची पडलेल्या रसायनाचा आहे. टायर खराब झाल्याची ती खूण नाही, उलट त्याचं काम चालू असल्याची आहे.

उन्हाचं म्हणाल तर टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे, आणि तेच अतिनील किरणं शोषून घेतं. म्हणजे टायरचं खरं संरक्षण कारखान्यातच त्याच्या आत भरलेलं असतं. वरून लावायचं ते मुख्यतः दिसण्यासाठी आणि धूळ-चिखल कमी चिकटावा म्हणून. चांगलं असेल तर अपाय नाही, पण त्याने टायरचं आयुष्य दुप्पट होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या: कडक क्लीनरने दर आठवड्याला घासत बसू नका, ते मेणही निघून जातं. खोलवर सफाई दीड-दोन महिन्यांतून एकदा पुरते. एरवी गाडीच्या शाम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश.

ग्लिसरीनबद्दल: रबराला ते मारक नाही. पण ते पाण्यात विरघळतं, पहिल्या सरीत वाहून जातं, आणि ओलावा धरून ठेवत असल्याने धूळ ओढून घेतं. घोडबंदरच्या धुळीत तर नकोच.

सीवूड्सचा_निवांत

काकांनी कारण सांगितलं, मी कृती सांगतो. गेली सहा वर्षं दर महिन्याला करतोय. (दीड-दोन महिन्यांचं आज कळलं, आता अंतर वाढवतो.)

टायर गार असताना आणि सावलीत करायचं. गाडीच्या बाकी अंगाला पाणी लावायच्या आधी चाकं उरकायची, म्हणजे शिंतोडे उडाले तरी नंतर धुतले जातात. चाकांची बादली, ब्रश आणि फडकी वेगळी ठेवा. ब्रेकची बारीक लोखंडी धूळ त्यांच्यात अडकते, तेच फडकं दारावर फिरवलं तर रंगावर ओरखडे आलेच म्हणून समजा.

ऑल पर्पज क्लीनर आणा, एकास चार पाणी घालून स्प्रे बाटलीत भरा. एका वेळी एकच टायर. त्यावर भरपूर स्प्रे मारायचा, अर्धा मिनिट थांबायचं, वाळू द्यायचं नाही, आणि कपडे धुवायच्या ताठ ब्रशने गोल-गोल घासायचं. अक्षरांच्या कडा आणि रिमलगतची खाच सोडू नका. पहिला फेस चहासारखा तपकिरी निघेल. मगभर पाण्याने खळखळून पुन्हा तेच. फेस पांढरा निघेपर्यंत थांबायचं नाही, सगळी मेख इथे आहे. तुमच्या टायरवर आधीचा तेलकट थर आहे, त्यामुळे पहिल्या वेळी तीन-चार फेऱ्या लागतील. लोक दुसऱ्या फेरीला कंटाळतात आणि मग ड्रेसिंग, म्हणजे वरून लावायचा लेप, टिकत नाही म्हणून बाटलीला दोष देतात. ते बिचारं मळावर बसलेलं असतं, मळाबरोबर निघून जातं.

चार टायरना दीड बादली पाणी खूप झालं.

मग पूर्ण वाळू द्या. फडक्याने पुसून वर अर्धा तास. खाचेत पाणी राहिलं तर तिथे थर धरत नाही.

लावायला पाण्यावर आधारित ड्रेसिंगच घ्या. ओळखायची सोपी खूण, ते बहुतेक दुधासारखं पांढरं असतं. पारदर्शक, तेलकट आणि पेट्रोलसारखा वास येणारं असेल तर ते सॉल्व्हंटवालं. त्याची चमक ओली दिसते, तेच उडतं, तुमच्या दारांवर बहुधा तेच आलं. मी मेग्वायर्सचं हायपर ड्रेसिंग वापरतो. कॅन मोठा येतो म्हणून आम्ही तिघांनी मिळून घेतला. एकाला चारपर्यंत पाणी घालता येतं, पाणी वाढवाल तशी चमक कमी होते. कारप्रोचं पर्लही त्याच जातीचं आहे. एकटीला लहान बाटली हवी असेल तर दुकानात लेबलवर पाण्यावर आधारित लिहिलंय का एवढं बघून घ्या.

स्पंजवर चमचाभर घेऊन पातळ हात फिरवायचा, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं टिपून घ्यायचं, आणि शक्यतो तासभर गाडी हलवायची नाही. हे टिपणं चुकलं की चांगल्यातलं चांगलंही उडतं. माझं पाम बीच रोडवरच्या रोजच्या फेऱ्यांत कोरड्या दिवसांत तीन-साडेतीन आठवडे टिकतं. पावसात आठवडा.

दुचाकीवाली_ऐरोली

एक कळकळीची विनंती. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो त्यावर यातलं काहीही लागू देऊ नका, ब्रेकच्या डिस्कवर तर अजिबात नाही. म्हणून ड्रेसिंग थेट टायरवर स्प्रे करू नका, स्पंजनेच लावा. आणि स्कूटर-मोटारसायकलच्या टायरला हे लावूच नका. दुचाकी वळणावर कलते तेव्हा साइडवॉलजवळचा भागही रस्त्याला टेकतो. माझ्या भावाच्या स्कूटरला सर्व्हिसिंगनंतर कोणीतरी हौसेने टायर चमकवून दिले, पहिल्याच वळणावर मागचं चाक सटकलं. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टरमध्ये होता.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आमच्याकडे गाडी धुणारे दादा म्हणतात की डिझेलचं फडकं मारलं की एका मिनिटात काळं होतं, क्लीनर कशाला. तसं चालेल का? आणि ते काळं पाणी कुठे ओतू?

रबर_आणि_मी

डिझेल, रॉकेल, जुनं इंजिन ऑइल, काही नको. खनिज तेल रबरात मुरतं, रबर फुगतं आणि मऊ पडतं. लगेच काळं दिसतं हे खरं, पण नुकसान सावकाश होत राहतं. दादांना नीट समजावून सांगा, त्यांनाही कोणीतरी तसंच शिकवलेलं असतं.

पाण्याचं विचारलंत, फार बरं वाटलं. ते मोरीत ओता, म्हणजे सांडपाण्याच्या नळात जाईल. पावसाळी गटारात नको, तिथलं पाणी शुद्धीकरणाशिवाय नाल्यातून खाडीत जातं. मी वर सांगितलेलं सिक्स-पीपीडी ओझोनशी भिडून जे बनतं, त्यानेच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याकडच्या ओढ्यांत कोहो सॅमन मासे मरतात, असं २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. आपली ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. दोन बादल्यांनी फार फरक पडणार नाही, पण मोरीत ओतायला कष्ट तरी काय आहेत.

खाडीकाठची

आज सकाळी केलं. पहिला फेस अगदी कडक चहासारखा, चौथ्या फेरीला पांढरा आला. टायर असे मॅट, दाट काळे दिसतायत की मी अजून काही लावलेलंच नाही.

पण एक काळजीचं आहे. पुढच्या डाव्या टायरच्या साइडवॉलवर लिंबाएवढा फुगवटा आहे. मळाखाली कधी दिसलाच नव्हता. जुलैत माजिवड्याजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तेच चाक जोरात आदळलं होतं. मागच्या दोन्ही टायरवर अक्षरांजवळ बारीक भेगा आहेत. तिथेच २२१७ असा आकडा दिसतो. चालवायला हरकत नाही ना?

रबर_आणि_मी

ताई, पुढच्या टायरवर एक किलोमीटरही जाऊ नका. खड्ड्याच्या दणक्याने आतले धागे तुटले आहेत, हवेला आता फक्त वरचं रबर अडवतंय. तो हायवेवर फुटू शकतो आणि त्याची दुरुस्ती होत नाही. आत्ताच स्टेपनी चढवा, पण तिची हवा आणि तारीखही बघून घ्या.

२२१७ म्हणजे २०१७ सालचा बाविसावा आठवडा, टायर तेव्हा बनला. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही शिल्लक असली तरी वापरू नये. तुमच्यात भेगाही आहेत, तेव्हा मागची जोडीही बदलाच. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण भेगांचा त्या मापाशी संबंध नाही. नवे घेताना दुकानात उभं राहून चारही टायरवरचा आकडा वाचा.

सीवूड्सचा_निवांत

आणि नवे टायर बसवल्यावर ड्रेसिंगची घाई करू नका. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर त्यांच्यावर असतो. आधी एकदा असंच घासा, मगच लावा.

खाडीकाठची

स्टेपनी चढवली. तिच्यावर २३१७ आहे, पण भेगा नाहीत. हवा कमी होती, गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडून भरून घेतली. उद्या ऑफिसला टीएमटीने जाईन. संध्याकाळी चार टायरचा भाव काढते. ड्रेसिंगचे पैसे त्यातच घालतेय, बाटली दिवाळीला बघू.